जाताना नदीवरून, येताना नदीखालून

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



'लहान मुलांसह शहरातील एक निवांत दिवस' हा विषय आमच्याकडे सोपविताना कार्यवाहांनी असा समज करून घेतलेला दिसतो की, ज्या अर्थी आमच्या घरी दोन लहान मुले आहेत त्या अर्थी आम्ही या विषयातले जाणकार असणार. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. निवांत दिवस कसा घालवावा यापेक्षा तो कसा बिघडवावा याचा अनुभव आमच्या गाठी अधिक आहे. आज बोलणारा एकच असला तरी चुका उभयतांनी मिळून केलेल्या आहेत. म्हणून या भाषणातील 'आम्ही' हा शब्द दोघांसाठी समजावा. तसेच २००१ सालापासून या शहराचे अधिकृत नाव कोलकाता झाले असले, तरी आपल्या घरांतून ते अजून कलकत्ताच आहे. तेव्हा आम्हीही तसेच म्हणू.

या विषयाकडे आम्ही वळलो ते हौसेने नव्हे. आमची थोरली मुलगी दुसरीत असताना शाळेतून 'माझे गाव' या विषयावर दहा ओळी लिहून आणावयास सांगितल्या होत्या. तिने लिहिल्या. त्यांत वाईचा घाट होता, कृष्णेचे पाणी होते, ढोल्या गणपती होता, आजीच्या परसातील कढीलिंबाचे झाडदेखील होते. वाचताना आमचा ऊर भरून आला. घरापासून इतक्या दूर राहूनही पोरीने गाव विसरले नाही, असे वाटले. मग आम्ही दहावी ओळ वाचली. तिथे लिहिले होते, 'कलकत्त्याला माझ्या बाबांचे ऑफिस आहे.'

मुलीचा जन्म या शहरातला. वर्षातले साडेअकरा महिने ती येथे राहते. वाईला जाते ती पंधरा दिवस. तरीही तिच्या लेखी हे शहर म्हणजे बापाची कचेरी! दोष तिचा नव्हता. 'इथे काय, नोकरीपुरते', 'गावी गेल्यावर बघू', 'आपल्याकडे असे नसते', ही वाक्ये आपल्या घरांतून दिवसातून किती वेळा उच्चारली जातात हे आपण प्रत्येकाने मनाशी मोजून पाहावे. आपण आपले गाव बरोबर घेऊन आलो आहोत, त्यामुळे आपले भागते. मुलांना मात्र आपण अशा एका गावचे रहिवासी करून ठेवतो की जेथे ती राहत नाहीत. आणि जेथे राहतात तेथली ती केवळ भाडेकरू असतात.

यावर उपाय म्हणून आम्ही मुलांना शहर दाखवायचे ठरवले, आणि येथेच पहिली चूक झाली.

डिसेंबर महिना होता. कलकत्त्यात घराबाहेर पडावे तर ते थंडीतच. आम्ही कागदावर रीतसर कार्यक्रम आखला. दहा वाजता अलीपूरचे प्राणिसंग्रहालय, एक वाजता भारतीय संग्रहालय, तीन वाजता व्हिक्टोरिया स्मारक, पाच वाजता बिर्ला तारांगण. चार स्थळे, दोन मुले, एक दिवस. धाकटा तेव्हा चार वर्षांचा होता. प्राणिसंग्रहालयात तो माकडांसमोरून हलेना, आणि आम्ही 'अजून वाघ राहिला, जिराफ राहिला' म्हणत त्याला ओढीत होतो. भारतीय संग्रहालयाला बंगालीत 'जादूघर' म्हणतात. हा शब्द शेजारच्या मुलांकडून ऐकलेला असल्याने धाकटा दारापासूनच विचारू लागला, 'जादू कधी करणार?' इजिप्तची ममी पाहावयास गर्दी लोटली होती. त्या गर्दीतून वाट काढीत आम्ही काचेपाशी पोहोचलो तेव्हा चिरंजीव खांद्यावर गाढ झोपी गेले होते. व्हिक्टोरियाच्या हिरवळीवर थोरलीने बूट काढले आणि आता पाऊलही टाकणार नाही असे जाहीर केले. तारांगणाच्या रांगेत दोघेही रडत होती, आणि आम्ही उभयता, सत्य सांगावयाचे तर, एकमेकांशी बोलत नव्हतो.

रात्री वाईहून आजीचा फोन आला. 'काय काय पाहिलंस गं?' असे तिने विचारताच थोरली म्हणाली, 'बकऱ्या.' मैदानातून बसने जाताना खिडकीतून बकऱ्यांचा एक कळप चरताना दिसला होता. बस सिग्नलपाशी थांबल्यामुळे तो तिला मिनिटभर स्वस्थपणे पाहता आला. संबंध दिवसात तिला कोणी घाई केली नाही असे ते एकच मिनिट होते.

त्या बकऱ्यांनी आम्हाला शहाणे केले. मुलांना शहर दाखवावयाचे नसते, त्यांना शहरात रमू द्यावयाचे असते. दाखवणारा घड्याळाकडे पाहतो. रमणाऱ्याला घड्याळ नसते. त्यानंतर आम्ही घरापुरते काही नियम केले. पहिला, एका दिवशी एकच गोष्ट. दुसरा, सकाळी लवकर निघून जेवणानंतरच्या झोपेपूर्वी घरी परतणे. चार-पाच वर्षांच्या मुलाचा उत्साह दुपारी एकच्या सुमारास संपतो आणि तो पैसे देऊनही परत मिळत नाही. तिसरा, डबा घरचा. चौथा, जेथे जावयाचे तेथे मुलांच्या लघवीची सोय कोठे आहे हे आधी ठाऊक असावे. हे सभेत सांगण्यासारखे नाही असे काहींना वाटेल, परंतु अर्ध्याअधिक सहली याच प्रश्नावर मोडतात. आणि पाचवा, मूल जेथे थांबेल तेथे आपणही थांबावे. पोहोचणे राहून गेले तरी चालेल.

या नियमांवर आखलेला एक दिवस आता सविस्तर सांगतो, कारण तो आपणापैकी कोणालाही फारसा खर्च न करता साधण्यासारखा आहे. त्याचे सूत्र एवढेच होते : जाताना नदीवरून जावे, येताना नदीखालून यावे.

आम्ही शनिवार निवडला, कारण रविवारी मेट्रोच्या गाड्या कमी असतात आणि उशिरा सुरू होतात. वेळा बदलत असल्याने आदल्या रात्री चौकशी करून ठेवावी. आठच्या सुमारास बाबूघाटावर आलो. भक्कम खांबांच्या मंडपाचा हा घाट राणी रासमणीचे पती बाबू राजचंद्र दास यांनी १८३० साली बांधविला. म्हणून तो बाबूघाट. पुढे १८५५ साली दक्षिणेश्वरचे कालीमंदिर राणी रासमणीने उभारले. आपल्याकडे घाट म्हटले की अहिल्याबाईंची आठवण होते; तेव्हा मुलांना आम्ही एवढेच सांगितले की, इकडेही एक अहिल्याबाई होऊन गेली. पायऱ्यांवर कोणी अंगाला तेल चोळत होते, कोणी सूर्याला अर्घ्य देत होते, एक भटजी छत्रीखाली बसून संकल्प सांगत होते. थोरली बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, 'आई, हे वाईसारखंच आहे की! फक्त नदी मोठी आहे.' आम्ही तेथेच अर्धा तास बसलो. आमच्या जुन्या वेळापत्रकात या अर्ध्या तासाला जागा नव्हती.

मग हावड्याची लाँच घेतली. तिकीट अगदी थोडक्या पैशांचे, वाराही भरपूर. मागे १९९२ साली खुला झालेला विद्यासागर सेतू आणि पुढे १९४३ सालचा हावडा पूल, ज्याचे नाव १९६५ पासून रवींद्र सेतू आहे. या पुलाचा एकही खांब नदीच्या पात्रात नाही, आणि त्याचे लोखंड नटबोल्टांनी नव्हे तर रिव्हेटांनी जोडलेले आहे, हे सांगताच अपेक्षित प्रश्न आला, 'मग तो पडत का नाही?' लाँचच्या बाकावर आम्ही दोघे समोरासमोर बसलो, हात पुढे पसरले आणि बोटांच्या टोकांवर पंचाची घडी ठेवली. आमची शरीरे म्हणजे दोन काठांवरचा भार, हात म्हणजे पुलाचे दोन बाहू आणि पंचा म्हणजे मधला, त्या बाहूंवर तोललेला भाग. मागचा भार हलला नाही तर मधला भाग पडत नाही. लाँचवरील दोन-चार मंडळी गंमत पाहू लागली. नंतर धाकट्याने तो पंचा ओढून 'पूल पाडला', आणि सर्व उतारू हसले.

हावड्याच्या धक्क्यावर उतरल्यावर स्टेशन समोरच आहे. तेथे मुलांना आगगाड्या पाहावयाच्या होत्या, म्हणून पाहू दिल्या. कचेरीची गर्दी ओसरल्यावर आम्ही मेट्रोच्या स्थानकात उतरू लागलो. हे स्थानक जमिनीखाली तीस मीटरांहून अधिक खोल आहे. एकामागून एक सरकते जिने येतात, आणि लहान मुलांच्या दृष्टीने हीच एक मोठी सहल असते. मात्र हात घट्ट धरावा. या देशातील पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी याच शहरात एस्प्लनेड ते भवानीपूर अशी धावली. आणि नदीखालून जाणारा आपल्या देशातील पहिला मेट्रोमार्गही येथेच, २०२४ च्या मार्चमध्ये सुरू झाला. पात्राखालचा बोगदा सुमारे ५२० मीटरांचा. गाडी तो पाऊण मिनिटात पार करते.

पंचेचाळीस सेकंद! आम्ही थोरलीला म्हटले, 'तू मोज, पण मराठीत.' ती इंग्रजी शाळेत शिकणारी. एकोणतीस तिला जमले, एकोणचाळीसपाशी गाडी अडली. म्हणजे मेट्रोची नव्हे, मोजणीची. शेजारी बसलेले एक वृद्ध बंगाली गृहस्थ हे कान देऊन ऐकत होते. ते म्हणाले, 'आमच्यात ऊनचोल्लिश. तुमच्यात काय?' आम्ही सांगितले. दोन्हीकडे हिशेब एकच : चाळीसला एक उणा. 'ऊन' म्हणजे उणे; मराठीत त्यामागे 'एक' लागला आणि 'एकोण' झाले, एवढाच फरक. मुलीला एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ ही सारी भावंडे तेथे एकदम उमगली. घरी पाढे घोकून जे महिनोनमहिने झाले नव्हते, ते गंगेच्या तळाखाली, एका परक्या आजोबांच्या साहाय्याने झाले. परके तरी त्यांना का म्हणावे?

एस्प्लनेडला वर आलो. शहीद मिनार डावीकडे ठेवून मैदानात थोडे चाललो आणि एका झाडाखाली सतरंजी पसरली. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकडी आणि संत्री. झालमुडीवाल्याकडून मिरची न घालता दोन ठोंगे घेतले. मुडीला सरसूच्या तेलाचा वास असतो. आम्ही तिला 'इकडची भेळ' म्हणालो, तेव्हा धाकट्याने आम्हाला दुरुस्त केले, 'भेळ नाही, मुडी.' बकऱ्या होत्याच. या खेपेस त्यांच्या भेटीला तासभर दिला.

शेजारच्या झाडाखाली एक आजी मांडीवरच्या नातवाला अंगाई म्हणून निजवीत होत्या. मूल निजले, वस्ती शांत झाली आणि देशात बर्गी आले, अशा अर्थाची ती जुनी अंगाई येथील प्रत्येक घरात ठाऊक आहे. थोरलीला बंगाली समजते. तिने विचारले, 'बर्गी म्हणजे कोण?'

बंधुभगिनींनो, हा प्रश्न येथील प्रत्येक मराठी आईबापाला कधी ना कधी येतो आणि बहुतेक वेळी आपण तो टाळतो. आम्हीही टाळणार होतो. परंतु घाई नव्हती, घड्याळ नव्हते, म्हणून उत्तर दिले. ज्याला स्वतःचा घोडा तो शिलेदार आणि ज्याला सरकारी घोडा तो बारगीर. त्या 'बारगीर'चाच येथे 'बर्गी' झाला. १७४१ नंतरची दहा वर्षे नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून येत होत्या. त्यांनी खेडी लुटली, लोकांचे हाल केले, आणि त्या भीतीची अंगाई झाली. १७४२ साली कलकत्त्याभोवती मराठ्यांच्या भयाने खंदक खणावयास घेतला. तो पुरा झाला नाही आणि मराठे शहरावर आलेही नाहीत. पुढे तो बुजवला गेला आणि १७९९ साली त्याच्या मार्गावरून सर्क्युलर रोड निघाला. आपण घरी जाताना त्याच रस्त्याने जाऊ, असेही सांगितले.

थोरली गंभीर झाली. 'म्हणजे बर्गी आपणच?' आम्ही म्हणालो, 'होय, ते आपल्याकडचे होते.' मग दुसरी बाजूही सांगितली. सखाराम गणेश देऊस्कर हे १८६९ साली जन्मलेले, मराठी घरातले. पण ते बंगालीत लिहीत, आणि १९०४ सालच्या त्यांच्या 'देशेर कथा' या ग्रंथाने स्वदेशीच्या काळात सारा बंगाल जागा केला. त्यांच्याच शिवाजी महाराजांवरील पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी त्याच वर्षी 'शिवाजी उत्सव' ही कविता लिहिली. आठ वर्षांच्या मुलीला यातले सगळे कळले असेल असे नाही. तिने थोडा विचार केला आणि दोन संत्री घेऊन ती त्या आजींकडे गेली. आजींनी एक ठेवून घेतले, एक परत दिले आणि तिचे नाव विचारले. दीड वाजता आम्ही घरी होतो. दोघेही तीनपर्यंत झोपली. भांडण झाले नाही, ही नोंद सौभाग्यवतींच्या आग्रहावरून.

आता इतर दिवसांविषयी थोडक्यात. प्राणिसंग्रहालय १८७६ पासून आहे आणि ते गुरुवारी बंद असते. तेथे जावे, परंतु अर्धेच पाहावे आणि माकडांना हवा तेवढा वेळ द्यावा. १८१४ साली स्थापन झालेले जादूघर सोमवारी बंद असते. तेथे एका खेपेस एकच दालन. एकदा हाडांचे सांगाडे, एकदा ममी, एकदा भारहूतचे कठडे, म्हणजे जादू आपोआप होते. नेहरू बालसंग्रहालयात रामायण आणि महाभारत लहानलहान बाहुल्यांतून मांडलेले आहे. घरी गोष्ट सांगून मग न्यावे. १९५९ सालच्या बिर्ला औद्योगिक संग्रहालयात कोळशाच्या खाणीची प्रतिकृती आहे. ती थोड्या मोठ्या मुलांसाठी, कारण तेथे अंधार असतो. पूजेपूर्वी काही आठवडे कुमारटुलीत जावे. गवताच्या सांगाड्यावर माती कशी चढते हे पाहताना मुलांना पेणच्या गणपतींविषयी सांगता येते. पूजेतील मंडप षष्ठीच्या सकाळी पाहावेत. रात्री लहान मुलांना नेणे म्हणजे त्यांना माणसांचे गुडघे दाखवणे होय. आणि ट्राम! १८७३ साली घोड्यांची आणि १९०२ साली विजेची झालेली ही गाडी आता अगदी थोड्या मार्गांपुरती उरली आहे. मुलांना तिच्यात बसवावयाचे असेल तर पुढच्या वर्षावर ढकलू नये.

ज्या बांधवांच्या हाती हे भाषण अन्य शहरी पडेल, त्यांनाही हीच रीत लागू आहे. दिल्लीचे १९७७ सालचे रेल्वे संग्रहालय, हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील तासाला टोले देणारे बाहुलीचे घड्याळ, बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १८७९ साली प्रजेसाठी केलेली बाग, यांतील कोणतीही एकच गोष्ट एका सकाळीला पुरते.

शेवटी शिबपूरच्या वनस्पती उद्यानाविषयी. १७८७ साली स्थापन झालेल्या या उद्यानातील महावृक्ष वड आपण पाहिला असेल. अडीचशे वर्षांचे ते झाड दुरून अरण्यासारखे दिसते. मुलांनी तेथे लपंडाव मांडला आणि थोड्या वेळाने विचारले, 'पण मुख्य झाड कुठलं?' मुख्य खोड तेथे नाही. वादळांनी जखमी झालेल्या त्या खोडाला बुरशी लागली आणि १९२५ साली ते काढून टाकावे लागले. तेव्हापासून ते झाड केवळ पारंब्यांवर उभे आहे, आणि वाढते आहे. पारंब्या जेथे टेकल्या तेथल्या मातीत त्यांनी मुळे धरली म्हणून हे घडले. अधांतरी लोंबत राहिल्या असत्या तर झाड केव्हाच गेले असते. आपल्या मंडळाला पन्नास वर्षे झाली. पहिल्या पिढीतील कितीतरी खोडे आज आपल्यात नाहीत. मुले कोणत्या मातीत टेकणार याचा विचार आपणच करावयास हवा. येथे रुजल्याने वाई तुटत नाही. उलट, ज्याला एक नदी आपली वाटते त्याला दुसरी नदी ओळखता येते, हे आम्हाला बाबूघाटावर आमच्या मुलीने शिकवले.

परवा आजीचा पुन्हा फोन आला होता. थोरली तिला सांगत होती, 'तू इकडे ये ना, मी तुला आमची नदी दाखवते. वरून पण आणि खालून पण.' 'आमची' हा शब्द आम्ही दोघांनीही ऐकला आणि कोणी काही बोललो नाही.

म्हणून मंडळापुढे एक लहानसा प्रस्ताव ठेवतो. सुवर्णमहोत्सवानिमित्त स्नेहसंमेलने, नाटके आणि मेजवान्या होतीलच. त्यांच्या जोडीला थंडीच्या महिन्यांत दर दुसऱ्या शनिवारी चार-पाच कुटुंबांनी मिळून मुलांसह असा अर्धा दिवस काढावा. एकच ठिकाण, घरचा डबा आणि दीड वाजता घरी. निधी लागणार नाही, समितीही नको. शेजारच्या बंगाली मुलांनाही बरोबर घ्यावे. सुरुवात येत्या दुसऱ्या शनिवारी करू. सकाळी आठ वाजता बाबूघाटाच्या पायऱ्यांवर भेटावे; दशम्या आम्ही आणू, संत्री आपण आणावीत.